जॅझचा 'उगम आणि विकास': सिनॉप्सिसमधल्या दुसऱ्या प्रकरणाबद्दल

शोधगंगेवर लोककला, संगीत किंवा नाटक यांवरचे चार-पाच मराठी प्रबंध उघडून बघा. पहिलं प्रकरण विषयप्रवेशाचं, आणि दुसरं बहुतेक वेळा 'उगम आणि विकास'. लावणीचा उगम आणि विकास, पोवाड्याचा, भारुडाचा, गोंधळाचा, तमाशाचा. पेट झाली, आरआरसी तोंडावर आली की आमच्या बीडकडची पोरं-पोरी सिनॉप्सिस दाखवायला आणतात, त्यातही हे प्रकरण असतंच. गाईडला ते हवं असतं, कमिटीला ते ओळखीचं वाटतं. त्यामुळं या प्रकरणातून नेमकं सिद्ध काय होतं, हे कुणी विचारत नाही.

माझं या प्रकरणाशी भांडण आहे. ते लावणीवर मांडलं तर लगेच पेशवाई सुरू होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून आज जॅझ घेतो. जॅझ आपल्याला परकं आहे, त्यामुळं त्याच्या इतिहासाची शिवण कुठं उसवते ते लवकर दिसतं. दुसरं असं की जॅझचा एक धागा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातून फिल्म स्टुडिओत जातो आणि तिथून थेट आपल्या वरातीतल्या बँडपर्यंत येतो. तेव्हा वाटतं तितकं हे लांबचं प्रकरण नाही.

आधी नेहमीची गोष्ट सांगून टाकतो. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची कामाची गाणी, चर्चमधली गाणी, ब्लूज, रॅगटाइम आणि लष्करी थाटाचे ब्रास बँड हे सगळं न्यू ऑर्लीन्स या बंदराच्या शहरात १९०० च्या आसपास एकत्र आलं आणि जॅझ जन्मलं. तिथून ते शिकागोला गेलं. १९२५ ते १९२८ या काळात लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिकांनी एकट्या वादकाची उपज मध्यभागी आणली. १९३५ पासून मोठ्या बँडांचं स्विंग गाजलं, त्यावर तरुण मंडळी नाचायची. १९४० नंतर चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचं बिबॉप आलं, वेगवान, गुंतागुंतीचं, बसून ऐकायचं. मग कूल, हार्ड बॉप, १९५९ चा माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९६० च्या पुढं फ्री जॅझ, १९७० च्या 'बिचेस ब्रू' पासून फ्यूजन. एका परिच्छेदात आटोपलं. परीक्षेला एवढं पुरतं.

ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं कानाच्या अंगानं. सुरुवातीला चाल वाजते. मग त्या चालीखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, साखळी आवर्तनासारखी फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपलं काही बांधत जातो. शेवटी चाल परत येते. ब्लूजचं एक आवर्तन चार-चार मात्रांच्या १२ विभागांचं, म्हणजे ४८ मात्रांचं. स्विंग म्हणजे मात्रेचे दोन सारखे तुकडे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवायचा. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठंतरी हिंदकळतो. एका वाद्यानं ओळ टाकायची आणि दुसऱ्यांनी ती उचलायची, हेही त्यात आहे. शाहिराच्या मागं झीलकरी उभे राहिलेले ज्यांनी बघितलेत त्यांना ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता 'उगम' या शब्दाकडं येऊ.

न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ पहिल्यांदा कुणी वाजवलं असं विचारलं की बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाचं नाव येतं. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३१ साली तिथंच तो वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्याला उगम म्हणायचं, त्याचा आवाजच आपल्याकडं नाही. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका म्हणून जी दाखवली जाते ती १९१७ ची, आणि ती गोऱ्या वादकांच्या बँडची. बँडचं नाव 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड'. काळ्या वस्तीतून आलेल्या संगीताची पहिली तबकडी गोऱ्यांची, आणि नावात 'ओरिजिनल'! पुढं १९३८ मध्ये जेली रोल मॉर्टन या पियानोवादकानं एका मासिकाला पत्र लिहून सांगितलं की १९०२ साली जॅझ मीच निर्माण केलं. आणि 'जॅझ' हा शब्द? त्याच्या सुरुवातीच्या छापील नोंदी १९१२-१३ च्या, कॅलिफोर्नियातल्या, बेसबॉलच्या बातम्यांतल्या. तिथं संगीताचा संबंधच नाही.

म्हणजे एक उगम आठवणीत आहे, एक तबकडीवर, एक पत्रातल्या दाव्यात आणि एक शब्दकोशात. यांतला खरा कोणता, हे ठरवत बसण्यात पुष्कळ कागद खर्च झालेत. उगमाच्या प्रकरणात आपण जे लिहितो तो बहुधा हाती लागलेला पहिला पुरावा असतो, आणि त्याला आपण पहिली घटना म्हणून टाकतो. १९१७ चं ध्वनिमुद्रण एवढंच सांगतं की त्या वर्षी कुणाला स्टुडिओत उभं राहू दिलं.

हे आपल्या जिल्ह्यावर लावून बघा. माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रकल्पातल्या मंडळींनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ओवीचा उगम १९९६ असं कुणीही म्हणणार नाही, कारण जातं आणि जात्यावर बसलेली आजी आपण बघितलेली आहे. पण बाबासाहेबांवरची ओवी त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या आधीची असू शकत नाही, हेही उघड आहे. शब्दांना तारीख लागते, चालीला लागत नाही. एकाच गाण्यात दोन वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी नांदतात. 'ओवीचा उगम' असं एकच शीर्षक देऊन हे लिहायचं म्हटलं की दोन्हींतली एक गोष्ट दडपावी लागते, आणि बहुतेक वेळा दडपली जाते ती नवी, म्हणजे बाबासाहेबांची.

जाता जाता एक सूचना. काळ्या अमेरिकनांची कामाची गाणी आणि आपल्या ओव्या यांची तुलना करायचा मोह मराठवाड्यात जास्त होतो. त्याला कारणही आहे. काळ्या अमेरिकनांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारे जनार्दन वाघमारे लातूरचे, आणि दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. पण साहित्यातलं हे नातं लोकांनी वाचून, जाणून जोडलेलं आहे. ओवी आणि ब्लूज यांच्यात तसं काही घडलेलं नाही. दोन्ही कष्टाची गाणी आहेत एवढ्यावर तुलनात्मक प्रबंध उभा राहत नाही. जातं घरात असतं आणि बाई एकटी किंवा जावेबरोबर दळते. शेतावरची किंवा तुरुंगातल्या टोळीची गाणी मुकादमासमोर म्हटली जायची. ऐकणारा कोण, यानं गाण्यात काय बोलता येतं ते ठरतं. तुलना करायचीच असेल तर तिथून करा.

'विकास' हा शब्द उगमापेक्षा जास्त घोळ घालतो. त्यात एक छुपं गृहीतक असतं: शैली स्वतःच्या अंगच्या ताकदीनं एका पायरीवरून दुसरीवर चढते. स्विंगला कंटाळलेल्या प्रतिभावंतांनी हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये रात्री-रात्री वाजवून बिबॉप घडवलं, ही कथा याच छापाची. ती खोटी नाही. पण त्याच वर्षांतल्या आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवा. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो १९४४ पर्यंत चालला, त्यामुळं बिबॉप घडत असतानाचा काळ तबकड्यांवर जवळजवळ नाहीच. १९४५ मध्ये ते एकदम ऐकू आलं आणि लोकांना स्फोट झाल्यासारखं वाटलं. दुसरी गोष्ट, १९४४ मध्ये तिथल्या सरकारनं नाच आणि गाणं असलेल्या जागांवर आधी ३० टक्के, मग २० टक्के कर बसवला. नुसतं वाद्यसंगीत बसून ऐकायचं असेल तर तो कर नव्हता. मालकानं काय केलं असेल ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पार्करची प्रतिभा करातून निघाली असं म्हणणं मूर्खपणाचं आहे. पण तिला बसून ऐकणारा श्रोता मिळाला, यात कराचा हात आहे.

कायद्यानं शैली बदलते असा नियम मात्र काढू नका. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या अड्ड्यांवर जॅझच्या बँडांना भरपूर काम मिळालं. मुंबईतही १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आली, आणि इथं उलट झालं: हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या बँडांचं काम आटलं. कारण तेच, परिणाम विरुद्ध. फरक कशानं पडला? शिकागोत अड्डा हीच पर्यायी जागा होती. मुंबईत पर्यायी जागा दुसरीच होती, ती म्हणजे फिल्म स्टुडिओ.

मुंबईची ही गोष्ट जरा सावकाश सांगावी अशी आहे. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड अशी मंडळी इथं वाजवत राहिली. वेदरफर्ड शिकागोत नाव कमावलेला माणूस. शांघायमार्गे आशियात रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्यानं गेला. या बँडांच्या पुढ्यात आणि लवकरच त्यांच्या जागी इथले वादक उभे राहिले. सॅक्सोफोन वाजवणारे रुडी कॉटन हे पारशी, मूळ नाव कावसजी खटाव. ताजमध्ये १९३९ पासून जवळपास २० वर्षं बँड चालवणारे मिकी कोरिया गोव्याचे. आणि 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले गेलेले चिक चॉकलेट हे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ.

गोव्याचेच इतके का? 'पोर्तुगीज प्रभाव' असं लिहून आपण मोकळे होतो. 'प्रभाव' हा सिनॉप्सिसमधला सगळ्यात आळशी शब्द आहे. प्रभाव हवेतून येत नसतो. कुणीतरी माणूस तो शिकून, वाद्य काखेत मारून, आगगाडीत बसून आणतो. गोव्यात चर्चला जोडलेल्या पारोक्याल शाळांत मेस्त पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. चर्चमध्ये गाणारे-वाजवणारे हवे असायचे म्हणून हे शिक्षण फुकट मिळायचं. गावात त्यावर पोट भरत नसे. मग मुंबई. धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये उतरायचं आणि जिथं वाचून वाजवणारा वादक लागतो तिथं काम धरायचं: मूकपटाचं थेटर, पोलिसांचा बँड, हॉटेल, आगबोट. जॅझ आलं तेव्हा हे लोक तयार बसलेले होते.

इथं न्यू ऑर्लीन्सशी एक मजेशीर उलटसुलट जुळणी दिसते. तिथंही वाचून वाजवणारे आणि कानानं वाजवणारे असे दोन गट होते. वाचणारे बहुतांशी मिश्रवंशीय क्रिओल, कानानं वाजवणारे गरीब काळे. वंशभेदाचे कायदे कडक होत गेले (१८९६ चा प्लेसी खटला याच शहरातून उभा राहिला, आणि होमर प्लेसी स्वतः क्रिओल होता) तसे क्रिओल वादकही 'काळे' या एकाच खान्यात ढकलले गेले आणि दोन्ही गटांना त्याच त्या कामांसाठी एकत्र यावं लागलं. तिथं वाचणाऱ्यांनी कानानं वाजवणाऱ्यांकडून शिकून घेतलं, आणि उपज वाढली. मुंबईच्या स्टुडिओत काम मिळालं ते वाचता येतं म्हणून. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती २०-३० वाद्यांसाठी कागदावर मांडणारा अरेंजर लागायचा, आणि तो कागद बघून एका दमात वाजवणारे लागायचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या अरेंजरांनी हिंदी सिनेसंगीताचा मधला सगळा ऐवज, म्हणजे ज्याला आपण 'म्युझिक पीस' म्हणतो तो, असा कागदावर उभा केला. तीन मिनिटांच्या गाण्यात उपजेला जागा नव्हती. जॅझचा सूर राहिला, ट्रम्पेटांची एकत्र फेक राहिली, लय राहिली. गळाली ती एकट्या वादकाची मुभा. मग याला जॅझ म्हणायचं का? मला वाटतं, नाही म्हणायचं, आणि तरी जॅझच्या इतिहासात लिहायचं.

याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं गोदाकाठचं पुणतांबा. तीच गोदावरी पुढं आपल्या गेवराई-माजलगावच्या उत्तरेनं जाते. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. १९५१ च्या 'अलबेला'त चिक आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. त्या सिनेमात क्लबमधली नाचाची गाणी आहेत आणि 'धीरे से आजा री अँखियन में' ही पिलूतली अंगाईही आहे. एकच संगीतकार, एकच सिनेमा, एकच वादकांचा ताफा. दोन वर्षांनी 'अनारकली'त भीमपलास, आणि १९५७ मध्ये 'आशा'साठी 'ईना मीना डीका'. आता यांचा 'विकास' काढून दाखवा! बँडकडून रागाकडं गेले म्हणावं तर १९५७ आडवं येतं, रागाकडून बँडकडं म्हणावं तर १९५३ आडवं येतं. त्यांच्याकडं शैली ही पायरी नव्हती, प्रसंग बघून काढायचं अवजार होतं. आपल्या सोंगाड्याला विचारा, तो गणही म्हणतो आणि सिनेमाचं गाणंही. त्याला त्यात कालक्रम दिसत नाही.

या विषयावर कुणाला काम करायचं असेल तर दोन पुस्तकं आधी वाचा, आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) आणि ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' (२००८). फर्नांडिस पत्रकार आहेत आणि त्यांची नजर माणसांवर आहे. कोण कुठून आलं, कुणाचं नाव कसं बदललं, गोऱ्या पाहुण्यांच्या हॉटेलात काळ्या अमेरिकनाला काय वागणूक मिळाली, हे त्यांच्याइतकं जिवंत कुणी लिहिलेलं नाही. सिनेसंगीताचा भागही त्यात आहे. तरी पुस्तकाचं काळीज ताजच्या नाचघरात आहे, आणि उपशीर्षकातच मुंबईचं 'जॅझ एज' म्हटल्यामुळं एक युग उगवलं, तळपलं आणि मावळलं असा घाट आपोआप येतो. तो वाचायला गोड लागतो, पण स्टुडिओतली पुढची ३० वर्षं मग मावळतीसारखी दिसू लागतात. त्या वादकांना ती तशी वाटली असतील का? महिन्याचा पगार आणि शिफ्टचे पैसे मिळत होते.

बूथ यांचं पुस्तक नेमकं तिथून सुरू होतं. त्यांनी स्टुडिओतल्या वादकांशी बोलून, कामाची पद्धत, पैसे, बसण्याची जागा, माइक, तालमी अशा कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींतून इतिहास मांडला. संशोधनाची शिस्त म्हणून मला हे पुस्तक जास्त उपयोगी वाटतं. त्याची अडचण वेगळी आहे. मुलाखत दिलेले बहुतेक जण उतारवयातले होते, सिंथेसायझर आल्यावर काम गेलेले. अशा माणसाच्या आठवणीत जुना काळ अंमळ उजळ असतो. बूथ यांना हे कळतं, पण वाचताना आपणही एक डोळा उघडा ठेवावा. मराठीत सी. रामचंद्र यांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आहे, तेही सोबत घ्या आणि वादकांची नावं किती वेळा येतात ते चक्क मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण एक छोटा पेपर त्यातूनही निघतो. आणि हो, सूचीत शोधताना एकाच नावावर थांबू नका. सी. रामचंद्र, चितळकर, अण्णासाहेब ही सगळी एकाच माणसाची नावं आहेत.

आता बीड. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे ताजमहाल हॉटेल आपल्याला सर्वार्थानं परमुलखात. मुंबईचा तो आवाज इकडं आला सिनेमाच्या तंबूतून आणि रेडिओतून. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरची सिनेगीतं आवळली, तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. आणि त्या गाण्यांना गावच्या रस्त्यावर उभं केलं ते लग्नाच्या बँडनं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम. वाद्यं बघा: न्यू ऑर्लीन्सच्या अंत्ययात्रेत होती तीच. दोन्हीकडं ती लष्करी बँडांतून उतरली. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पितळी वाद्यं स्वस्त झाली, आपल्याकडं इंग्रजांच्या आणि संस्थानांच्या फौजांतून रिवाज पडला. सारखी वाद्यं असून तिथं जॅझ झालं आणि इथं नाही. एवढ्या एका निरीक्षणानं 'वाद्यांमुळं शैली निर्माण झाली' हे विधान खोडून निघतं.

इथं का नाही, याची माझ्या परीनं दिलेली उत्तरं तात्पुरती आहेत. वरातीत ऐकणारा बँडकडून ओळखीचं गाणं मागतो. चाल ओळखू आली नाही तर पोरं नाचत नाहीत, आणि पोरं नाचली नाहीत तर नवरदेवाचा मामा खिशात हात घालत नाही. न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकीतही नाच होता, पण तिथले बँड मिरवणुकीनंतर रात्री नाचघरात वाजवायचे, एकच चाल लांबवायची वेळ रोज यायची, आणि शेजारच्या बँडवर मात करायची ती तीच चाल वेगळी वाजवून. आपल्याकडं मात केली जाते ती नवं गाणं आधी आणून. म्हणून आपल्या बँडचं कसब उपजेत शोधू नये, नकलेत शोधावं. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन खऱ्या बीनेची नव्हती, कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. आपला क्लॅरिनेटवाला त्या यंत्राची नक्कल करतो, जे यंत्र पुंगीची नक्कल करत होतं, आणि समोर गल्लीतलं पोरगं रुमाल दातांत धरून लोळतं. कुणी याला 'लोककलेचा ऱ्हास' म्हणतं. मला हे फार कुशल काम वाटतं.

आणि त्या क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडात गाण्याच्या ओळीइतकेच मधले म्युझिक पीसही असतात. ते पीस कुणा गोव्याच्या माणसानं लिहिले, पडद्यावर त्याचं नाव बहुधा आलं नाही, आणि ते वरातीत वाजवणाऱ्याचं नावही कुठल्या प्रबंधात येत नाही. बँडचं नाव येतं, फार तर मालकाचं.

म्हणून दुसऱ्या प्रकरणात जागा करायचीच असेल तर बँडमालकाकडची सुपारीची वही मागा. देतील असं नाही, चहा दोनदा प्यावा लागेल. गाव, तिथी, इसार, किती माणसं नेली, परण्या आणि वरात दोन्ही की एकच. आपल्याकडं ऊसतोडीला गेलेली माणसं हंगाम संपवून परत आल्याशिवाय कित्येक गावांत लग्नं लागत नाहीत, तर ते तारखांत दिसतं का बघा. ताफा १८ वरून ९ वर आला तर कोणतं वाद्य आधी गेलं? बेंजो कधी आला, त्यासाठी कुणाला कमी केलं? आणि वाजवणारा या कामाला काय म्हणतो, हे आवर्जून विचारा. एलिंग्टनला 'जॅझ' हे लेबल अपुरं वाटायचं, मॅक्स रोच या ड्रमवादकानं तर तो शब्दच नाकारला. आपल्याकडं हलगी वाजवणं ही कित्येक घरांसाठी गावकीची सक्ती होती. ती सोडून दिली म्हणून मान वाटणाऱ्या माणसासमोर वही उघडून 'तुमची पारंपरिक कला' असं सुरू केलंत तर तो दोन वाक्यांत मुलाखत संपवेल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याच घरातला नातू युनिफॉर्म घालून ट्रम्पेट वाजवत असेल तर आजोबांच्या हलगीत आणि नातवाच्या ट्रम्पेटात काय काय बदललं, हे त्या दोघांना एकाच वेळी समोर बसवून विचारून बघा. मी ते अजून तीनच घरांत करू शकलोय, आणि तिन्ही ठिकाणी आधी भांडण झालं, मग चहा आला.